सही फक्त तुमचीच लागते : सहा आठवड्यांच्या गर्भपाताचा तारीखवार अनुभव

१ मार्च २०२५, शनिवार. घरच्या चाचणीत दोन रेघा आल्या. शेवटची पाळी २७ जानेवारीची, म्हणजे पाळी चुकून आठवडाही झाला नव्हता. दुसरं मूल नको हे नवऱ्याचं आणि माझं आधीपासून ठरलेलं होतं. एक मुलगी आहे, तेवढी पुरे. निर्णयाबद्दल यापेक्षा जास्त सांगण्यासारखं नाही. सांगायचंय ते पुढच्या चार आठवड्यांतलं. कुठल्या काउंटरवर काय विचारतात, कुठला कागद कायद्याने लागतो आणि कुठला उगाच मागतात, कुठे थांबावंच लागतं आणि कुठे नुसत्या लाजेपोटी बायकांचे दिवस वाया जातात. माझा अनुभव पुण्यातल्या खासगी दवाखान्यांतला आहे, पण कायदा गडहिंग्लजला आणि गडचिरोलीलाही हाच आहे.

सगळ्यात आधी आठवडे मोजा. डॉक्टर आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, संबंध आला त्या दिवसापासून नाही. त्यामुळे पाळी चुकली त्याच दिवशी कागदावर चार आठवडे उलटून गेलेले असतात. गोळ्यांनी गर्भपात करायला आपल्याकडे नऊ आठवड्यांची, म्हणजे ६३ दिवसांची मर्यादा आहे. त्यानंतर बाराव्या आठवड्यापर्यंत साधारणपणे हाताच्या सिरिंजने गर्भ ओढून घेतात, आणि त्यापुढे दवाखान्यात राहून करायचे उपचार. ‘येईल पाळी, थोडं थांबू’, ‘आधी वहिनीला विचारते’, ‘सासूबाई गावी गेल्या की बघू’ असं करता करता तीन आठवडे सहज जातात आणि गोळ्यांचा पर्याय हातचा निघून जातो. चाचणी घरीच करा, सकाळच्या पहिल्या लघवीची. ओळखीच्या मेडिकलमधून किट घ्यायचा संकोच वाटत असेल तर लांबच्या दुकानातून आणा किंवा ऑनलाइन मागवा, पण वाट बघू नका.

मेडिकलमध्ये गर्भपाताच्या गोळ्या मात्र मागू नका. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्या विकता येत नाहीत, आणि महाराष्ट्रात तपासण्यांच्या धास्तीने बहुतेक केमिस्ट त्या ठेवतच नाहीत. कोणी काउंटरखालून दिल्याच तर बिल नसतं, अर्धंच पाकीट हातात येतं आणि कधी काय घ्यायचं ते कोणी सांगत नाही. त्याहून मोठा धोका वेगळाच आहे. गर्भ पिशवीत नसून नळीत असेल तर या गोळ्यांचा त्यावर काहीही उपयोग होत नाही. बाईला वाटतं, रक्त गेलं म्हणजे मोकळी झाले, आणि इकडे नळी फुटून पोटात रक्तस्राव होतो. म्हणून आधी गर्भ कुठे आहे ते बघून घ्यायचं.

सोमवारी, ३ मार्चला घराजवळच्या एका रुग्णालयात गेले. काउंटरवरच्या मुलीने सगळ्या बाकांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “कशासाठी दाखवायचंय?” या प्रश्नाचं उत्तर घरूनच ठरवून निघा. “पाळी चुकलीये, डॉक्टरांना भेटायचंय,” एवढं काउंटरला पुरतं. बाकीचं आत, दार लावल्यावर. केसपेपरवर मोबाइल नंबर देताना स्वतःचाच द्या. बऱ्याच घरांत सगळ्यांचे रिपोर्ट नवऱ्याच्या किंवा दिराच्या व्हॉट्सॲपवर येतात. लॅबमध्ये जुना नंबर आधीच नोंदवलेला असतो आणि तो बदलून घ्यायला कोणाच्या लक्षात राहत नाही.

आत डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “पहिली मुलगीच ना?” मी हो म्हटलं, आणि त्यांचा चेहरा बदलला. मग यादी सुरू झाली: मिस्टरांना घेऊन या, दोघांची आधार कार्डं आणा, त्यांची सही लागेल, आणि तरीही एकदा विचार करा, मुलीला भावंड नको का? फी ५०० रुपये. नवऱ्याची सही मिळाली नसती असं नाही. पण कायदा जी सही मागतच नाही, ती आणायला मी बाहेर पडले नाही.

या प्रसंगात जे घडलं ते महाराष्ट्रात घरोघरच्या बायकांना भोगावं लागतं, म्हणून इथे थोडं थांबते. आपल्याकडे दोन वेगळे कायदे आहेत. एक गर्भपाताचा, १९७१ चा, १ एप्रिल १९७२ पासून लागू झालेला. त्याची शिफारस करणाऱ्या समितीचे अध्यक्ष शांतिलाल शाह होते, महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री. या कायद्याने गर्भपात ठरावीक अटींवर मान्य केला. दुसरा गर्भलिंगनिदानाविरुद्धचा, १९९४ चा. त्याने गर्भाचं लिंग तपासणं आणि सांगणं हा गुन्हा ठरवला. दुसऱ्या कायद्याच्या पाट्या प्रत्येक सोनोग्राफी सेंटरच्या भिंतीवर आहेत, पहिल्याची पाटी कुठेच दिसत नाही. त्यात २०१२ साली परळी आणि २०१७ साली म्हैसाळची, बेकायदा गर्भपातात बाई दगावल्याची प्रकरणं झाली. ती भयंकरच होती. पण त्यानंतर डॉक्टर, केमिस्ट आणि शेजारपाजारचे, सगळ्यांच्या डोक्यात एकच समीकरण बसलं: गर्भपात म्हणजे मुलगी मारणं. पहिली मुलगी असलेली बाई तर दारातच आरोपी ठरते. सोनोग्राफीत लिंग कळण्याजोगं व्हायला बारा-तेरा आठवडे जावे लागतात. सहाव्या आठवड्यात गोळ्या मागणाऱ्या बाईचा आणि लिंगनिवडीचा काडीचाही संबंध नसतो. डॉक्टरांना हे ठाऊक असतं, तरी भीतीपोटी ते बाईलाच परत पाठवतात. मग ती कुठल्या तरी भोंदूकडे जाते, आणि तिचं काय होतं ते कुठल्याही रेकॉर्डला येत नाही.

कायदा काय म्हणतो ते पाठच करून ठेवा. बाई १८ वर्षांची झालेली असेल आणि मनाने सक्षम असेल, तर संमती फक्त तिची. नवऱ्याची नाही, आईबापांची नाही, सासरची नाही. १८ च्या खाली किंवा मानसिक आजार असेल तरच पालकांची लेखी संमती लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांपर्यंत ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांचं. त्याच दुरुस्तीने गर्भनिरोधक फसल्याच्या कारणात ‘विवाहित स्त्री किंवा तिचा नवरा’ ऐवजी ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ आलं. २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने एका अविवाहित तरुणीच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं, की लग्न झालंय की नाही यावरून भेद करता येणार नाही, आणि घरच्यांची संमती किंवा जादा कागद मागायला डॉक्टरांना कायद्याचा आधार नाही. मुलगी अल्पवयीन असेल तर पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवणं डॉक्टरांना भाग आहे. पण मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर तिचं नाव आणि ओळख न देता कळवता येतं, हेही त्याच निकालात आहे.

त्या संध्याकाळी चार-पाच ठिकाणी फोन केले. फोनवर दोनच गोष्टी विचारायच्या: “तुमच्याकडे एमटीपीची, म्हणजे कायदेशीर गर्भपाताची, मान्यता आहे का?” आणि “सही कोणाची लागते?” दुसऱ्याचं उत्तर “पेशंटची” असं आलं की त्या दवाखान्यात जायचं. मान्यतेचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे; गेल्यावर भिंतीवर ते शोधा. नऊ आठवड्यांपर्यंतच्या गोळ्या पात्र डॉक्टर स्वतःच्या क्लिनिकमध्येही देऊ शकतात, फक्त गरज पडल्यास पाठवायला मान्यताप्राप्त रुग्णालय जोडलेलं असावं लागतं. सरकारी रुग्णालयांना वेगळी मान्यता लागत नाही, आणि राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. पैशाची अडचण असेल तर जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयाची स्त्रीरोग ओपीडी गाठा. तिथे रांग मोठी असते, सकाळी लवकर जा.

मंगळवारी, ४ मार्चला दुसऱ्या डॉक्टरांकडे. तपासणी फी ६००. या मॅडमनी दार लावून घेतलं, सोबत आलेल्या वहिनींना दोन मिनिटं बाहेर बसायला सांगितलं आणि मग विचारलं, “तुम्हाला स्वतःला काय हवंय? कोणी भाग पाडतंय का?” हा प्रश्न एकटीला विचारणं फार गरजेचं आहे. मूल हवं असलेल्या बाईवरही घरून जबरदस्ती होते, आणि ते कळायची हीच एक जागा असते. मग आधीचे आजार, सिझेरियन झालंय का, दमा, रक्त पातळ करायच्या गोळ्या, स्टेरॉइड, तांबी बसवलेली आहे का, हे सगळं विचारलं. हिमोग्लोबिन, रक्तगट आणि लघवी तपासायला दिली, ५५० रुपये. हिमोग्लोबिन ८ च्या खाली असेल तर गोळ्या देत नाहीत, आधी रक्त वाढवतात किंवा दुसरा मार्ग धरतात. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन लागेल का, ते आवर्जून विचारा.

सोनोग्राफी त्याच दिवशी, १,३०० रुपये. इथे फॉर्म एफ भरावा लागतो आणि तो गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याचा फॉर्म आहे, गर्भपाताचा नाही. त्यात नाव, पत्ता, शेवटच्या पाळीची तारीख, कोणी पाठवलं, आणि हयात मुलं किती, त्यांत मुलगे किती, मुली किती, हे असतं. ‘मला गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही’ या मजकुराखाली सही करायची. ओळखपत्राची प्रत जवळ ठेवा, बहुतेक सेंटर मागतात. ही माहिती सेंटरकडून दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत समुचित प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या कायद्यासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे, जाते. ‘मुली किती’ हा रकाना भरताना छातीत धस्स होतं, पण हा फॉर्म दिवस गेलेल्या प्रत्येक बाईच्या सोनोग्राफीला भरला जातो, पहिलटकरणीच्याही. तुमच्यावर संशय आहे म्हणून नव्हे.

सोनोग्राफीच्या खोलीत शिरताच तिथल्या सिस्टर “अभिनंदन हं” म्हणाल्या. त्यांचा दोष नाही, त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. हे टाळायचं असेल तर पाठवणाऱ्या डॉक्टरांना चिठ्ठीवर ‘एमटीपीपूर्व’ असं लिहायला सांगा. आत गेल्यावर मोकळेपणाने म्हणा, “स्क्रीन माझ्याकडे नको, आवाज लावू नका, फोटो नको.” मी म्हटलं, आणि त्यांनी लगेच स्क्रीन वळवली.

रिपोर्टमध्ये पिशवीत लहानशी गर्भकोषाची सावली दिसली, पण तिच्या आतली योक सॅक, म्हणजे गर्भाला सुरुवातीला पोसणारी छोटी थैली, दिसली नाही. पाच आठवड्यांना असं होऊ शकतं. पण तेवढ्यावरून गर्भ पिशवीतच आहे अशी खात्री देता येत नाही, म्हणून मॅडमनी आठवडाभराने पुन्हा यायला सांगितलं. पाळी चुकल्या चुकल्या धावत जाणाऱ्यांना बऱ्याचदा असं थांबावं लागतं. मनाची तयारी ठेवा, डॉक्टर टाळाटाळ करतायत असं समजू नका. थांबायचंच नसेल तर ४८ तासांच्या अंतराने बीटा एचसीजी ही रक्ताची तपासणी दोनदा करून अंदाज घेतात. या दिवसांत पोटात एकाच बाजूला कळ, खांद्यात दुखणं, चक्कर, अंगाला दरदरून घाम यांपैकी काहीही झालं तर रात्र असो की दिवस, थेट रुग्णालय गाठायचं. रुग्णवाहिकेसाठी १०८, साध्या शंकेसाठी १०४.

तो आठवडा जड गेला. मळमळ सुरू झाली होती, घरात मोठ्यांना कळू द्यायचं नव्हतं, आणि रोजच्या फोडणीच्या वासाने उमासे येत होते. ज्यांना सांगायचंय अशा एकाच माणसाची निवड करा. त्या माणसाने सल्ला द्यायचा नाही. दवाखान्यात सोबत बसायचं, मूल सांभाळायचं आणि फोन उचलायचा. मी वहिनींना आधीच सांगितलं होतं. त्यांनी एकच विचारलं होतं, “कोणत्या दिवशी लागेन मी?” गल्लीत आशाताई चक्कर मारत असतील तर त्या पाळी चुकलेल्या बायकांची नोंद घेतात. त्यांना खोटं सांगायची गरज नाही. “डॉक्टरांकडे दाखवतेय,” एवढं पुरे.

मंगळवारी, ११ मार्चला पुन्हा सोनोग्राफी, ९०० रुपये. सहा आठवडे एक दिवस, गर्भ पिशवीत. आता तारीख ठरवायची. पहिली गोळी ज्या दिवशी घ्याल त्यानंतर ३६ ते ४८ तासांनी दुसऱ्या गोळ्या असतात. तो दुसरा दिवस सुट्टीचा यायला नको. शुक्रवारी १४ तारखेला धुळवड होती, दवाखाना बंद, रस्त्यावर गोंधळ. म्हणून पहिली गोळी गुरुवारी १३ ला आणि दुसऱ्या गोळ्या शनिवारी १५ ला, असं ठरलं. घरात पाहुणे असतील, मुलांची परीक्षा असेल, सणाचा स्वयंपाक असेल, तर दुसऱ्या गोळ्यांचा दिवस त्यातून वाचवा. त्या दिवशी उभं राहवत नाही.

१३ मार्च. आधी कागद. फॉर्म सी म्हणजे संमतीपत्र. त्यावर माझं नाव, वय, पत्ता आणि माझी सही. नवऱ्याच्या सहीला त्या कागदावर जागाच नाही. फॉर्म वाचून बघा, म्हणजे पुढच्या वेळी कोणी ‘मिस्टरांची सही कुठेय?’ विचारलं तर कुठला रकाना, असं उलट विचारता येईल. मग डॉक्टरांचा फॉर्म वन, त्यांच्या मताचा. त्यात पाच कारणं छापलेली असतात: बाईच्या जिवाला धोका, तिच्या शारीरिक किंवा मानसिक आरोग्याला गंभीर इजा, मुलात व्यंग असण्याचा मोठा धोका, बलात्कारातून राहिलेला गर्भ, आणि गर्भनिरोधक साधन फसणं. डॉक्टर त्यांपैकी लागू पडतं त्यावर खूण करतात. निरोध फसला होता, तसं सांगितलं. कोणतं साधन, पावती आहे का, असा पुरावा कोणी मागत नाही आणि मागूही शकत नाही.

यानंतर जे पाहिलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. दोन्ही कागद मॅडमनी एका खाकी पाकिटात घातले, डिंकाने चिकटवले, वर नोंदवहीतला अनुक्रमांक आणि स्वतःचं नाव लिहिलं, आणि ठळक अक्षरात ‘गोपनीय’. माझं नाव पाकिटावर नाही. नाव असतं ते फक्त फॉर्म थ्री या दाखल नोंदवहीत. त्यात नाव, कोणाची पत्नी किंवा मुलगी, वय, धर्म, पत्ता, किती आठवडे, कारण, तारखा आणि डॉक्टरांची नावं असे रकाने असतात. ती वही रुग्णालयाच्या प्रमुखाच्या ताब्यात असते. केसपेपर, ऑपरेशन थिएटरचं रजिस्टर, पुढच्या तपासणीचं कार्ड, या सगळ्यांवर बाईचं नाव घालायचं नाही, वहीतला अनुक्रमांक घालायचा, असा नियम आहे. माझ्या कार्डावर खरोखरच नुसता आकडा होता. जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांना दर महिन्याला जातात ते आकडे, नावं नाहीत. आणि नाव फोडणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो, अशी तरतूद २०२१ च्या दुरुस्तीने कायद्यात घातली. समाज ज्या बाईचं नाव चघळायला बसलेला असतो, तिचं नाव जपायची एवढी व्यवस्था कायद्याने करून ठेवली आहे. तुमच्या कार्डावर नाव लिहिलं असेल तर ते बदलून मागा.

पहिली गोळी मिफेप्रिस्टोन, २०० मिलिग्रॅम, एकच, मॅडमच्या समोर पाण्याबरोबर घेतली. अर्ध्या तासात उलटी झाली तर डॉक्टरांना लगेच कळवायचं, कारण गोळी पुन्हा घ्यावी लागू शकते. हिने गर्भाची वाढ थांबते. बऱ्याच जणींना त्या दिवशी काहीच होत नाही, काहींना थोडा डाग दिसतो. घरी होळी होती, पुरणपोळीचा स्वयंपाक केला. डाग दिसला म्हणजे काम झालं असं समजून दुसऱ्या गोळ्या टाळायच्या नाहीत. अर्धवट राहिलं तर संसर्ग होतो, आणि गर्भ टिकून वाढला तर औषधाचा त्यावर परिणाम झालेला असू शकतो.

१५ मार्च, सकाळी साडेनऊ. मिसोप्रोस्टॉलच्या चार गोळ्या, प्रत्येकी २०० मायक्रोग्रॅम. त्या घरी घेता येतात, पण मी दवाखान्यात राहून घेतल्या. गावाकडे रुग्णालय लांब असेल, घरात आडोसा नसेल किंवा सोबतीला कोणी नसेल तर तुम्हीही तेच करा. आधी पोटभर नाश्ता आणि आयबुप्रोफेन ४००. दुखणं सुरू व्हायच्या आधी घेतली तर ती नीट काम करते. मग दोन गोळ्या डाव्या गालात आणि दोन उजव्या, दात आणि गालाच्या मधल्या खाचेत. अर्धा तास तशाच ठेवायच्या, चघळायच्या नाहीत, बोलायचं नाही. त्या खडूसारख्या विरघळत जातात, तोंड कोरडं पडतं. अर्ध्या तासाने जे उरेल ते घोटभर पाण्याने गिळायचं. काही डॉक्टर त्या योनीमार्गात ठेवतात, पद्धत तेच ठरवतात.

तासाभरात थंडी वाजून अंग कापायला लागलं, थोडा ताप आला, जुलाब झाले. हे मिसोप्रोस्टॉलचंच काम आहे, काही तासांत ओसरतं. मग पोटात कळा, पाळीच्या दुप्पट-तिप्पट. चार तासांच्या आत बहुतेकींना रक्तस्राव सुरू होतो. गाठी पडतात, कधी लिंबाएवढ्या. सहा-सात आठवड्यांना गाठींमध्ये पांढरट पापुद्र्यासारखं काही दिसलं तर दिसतं, एरवी वेगळं ओळखू येत नाही. बाळ दिसेल या भीतीने कित्येकी संडासात डोळे मिटून बसतात. या टप्प्याला तसं काही नसतं. मोठे जाड पॅड वापरा, टॅम्पॉन किंवा कप नको, म्हणजे किती जातंय ते मोजता येतं. लागोपाठ दोन तास, तासाला दोन पॅड पूर्ण भिजत असतील तर रुग्णालयात जायचं. चोवीस तासांनंतरही ताप १००.४ च्या वर, घाण वास येणारा स्राव, किंवा रक्तस्राव मुळीच न होणं, हीसुद्धा फोन करायची कारणं आहेत.

त्या खोलीत शेजारच्या पलंगावर बाळंतीण होती आणि तिचं बाळ रडत होतं. मावशींनी आपणहून मधला पडदा ओढला. दाखल होताना बाळंतिणींपासून वेगळी जागा मिळेल का, हे आधीच विचारून ठेवा. सगळीकडे जमत नाही, पण विचारलं तर निदान पडदा मिळतो. दुपारी अडीचला घरी सोडलं. गोळ्या, कागद, तिथे राहणं, सगळं मिळून ४,५०० रुपये. पहिल्या रुग्णालयाची फी धरून एकूण खर्च ८,३५०. बिल मागा आणि जपून ठेवा.

घरी मोठ्यांना ‘पाळीचा त्रास’ सांगितला, त्यात खोटंही काही नव्हतं. रक्त जास्त दिवस जाणार हे आधी ठाऊक असू द्या. आठ ते पंधरा दिवस कमी-जास्त चालू राहतं, म्हणून ज्या घरात अजून बाजूला बसायची रीत आहे तिथे प्रश्न उठतात. डॉक्टरांनी औषध दिलंय, एवढं एकदाच सांगायचं. मनाचं म्हणाल तर मला सुटल्यासारखं वाटलं, आणि तिसऱ्या दिवशी विनाकारण रडू आलं. दोन्ही एकाच बाईला वाटू शकतं. रडू आलं म्हणजे निर्णय चुकला असं नाही, आणि रडू आलं नाही म्हणजे बाई दगडाची आहे असंही नाही. पण झोप उडाली, जेवण जात नाही, असं दोन आठवडे चाललं तर डॉक्टरांना सांगा.

ऑफिसचा प्रश्न अवघड आहे. गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा तेव्हा मातृत्व लाभाच्या कायद्यात होती, कलम ९ मध्ये; नोव्हेंबर २०२५ पासून हाच हक्क सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. कायदेशीर गर्भपातही त्यात धरला आहे. पण त्यासाठी पुरावा द्यावा लागतो, म्हणजे जे पाकिटात बंद झालं ते आपणच एचआरच्या टेबलावर मांडायचं. म्हणून बहुतेक जणी आजारपणाची रजा टाकतात, मीही तेच केलं. ज्यांचं काम अंगमेहनतीचं आहे त्यांनी निदान या हक्काची माहिती ठेवावी आणि एचआरला कागद फक्त बंद पाकिटात द्यावा.

गुरुवारी, २७ मार्चला पंधराव्या दिवसाची तपासणी. बरं वाटतंय म्हणून ती चुकवू नका. या गोळ्या साधारण शंभरातल्या ९५ किंवा त्याहून जास्त जणींना पुरतात, बाकीच्यांत काही भाग राहतो. लघवीची चाचणी चार आठवड्यांपर्यंत पॉझिटिव्ह येऊ शकते, तिने घाबरू नका. सोनोग्राफीत थोड्या गाठी किंवा जाड अस्तर दिसलं की काही ठिकाणी लगेच ‘पिशवी साफ करू’ म्हणतात. रक्तस्राव कमी होत असेल, ताप नसेल, दुखत नसेल, तर पुढच्या पाळीपर्यंत थांबता येईल का, हे विचारा. साफ करावीच लागली तर क्युरेटिनऐवजी, म्हणजे पिशवी खरवडण्याऐवजी, सिरिंजने ओढून घेण्याची पद्धत आहे का, तेही विचारा. ती जास्त सुरक्षित आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही जुन्या क्युरेटिनऐवजी तीच सुचवली आहे.

याच भेटीत गर्भनिरोधन ठरवा. पुढची पाळी यायच्या आधीच, अगदी आठ-दहा दिवसांत, बीज पुन्हा बाहेर पडू शकतं, म्हणून ‘पाळी आल्यावर बघू’ चालत नाही. गर्भनिरोधक गोळ्या मिसोप्रोस्टॉलच्या दिवसापासून सुरू करता येतात. तांबी पिशवी रिकामी झाल्याची खात्री झाल्यावर बसवतात. ३८०ए जातीची दहा वर्षं चालते आणि सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. तिथेच तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन आणि छाया गोळ्याही मिळतात. पहिलं पाडलं की पुन्हा राहत नाही, हे प्रत्येक गल्लीत ऐकू येतं. नीट, वेळेत आणि डॉक्टरांकडून केलेल्या गर्भपाताने मूल राहण्यात अडचण येत नाही. अडचण येते ती अर्धवट राहून संसर्ग झाला तर.

शेवटचं एक. पुढे कधीही स्त्रीरोगतज्ज्ञाकडे गेलात की विचारतात, “आधी किती वेळा दिवस गेले, किती बाळंतपणं, अबॉर्शन किती?” आणि उत्तर केसपेपरवर जी-पी-ए अशा आकड्यांत लिहितात. सासूबाई किंवा नवरा शेजारी बसलेले असताना हा प्रश्न येतो. तपासणीच्या वेळी तुम्ही एकट्या असाल तेव्हा डॉक्टरांना खरं सांगा, कारण रक्तगट निगेटिव्ह असेल किंवा आधी काही गुंतागुंत झाली असेल तर ते त्यांना कळायलाच हवं. आणि तो आकडा घरी न्यायच्या फाइलवर लिहू नका, असं त्याच वेळी त्यांना सांगून ठेवा.